टिकमास्तरांची नवी सही

माझे भावोजी बत्तीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार पंखा त्यांच्या टेबलावर आला की ते तो चालू करायचे, कान देऊन आवाज ऐकायचे, पाती थांबली की चिठ्ठीवर बरोबरची खूण करायचे आणि शेजारी नावाची दोन आद्याक्षरं खरडायचे. झालं, पुढचा पंखा. एवढ्या वर्षांत या माणसानं किती पंखे पास केले याचा हिशेब नाही, पण सलग एक वाक्य कागदावर लिहिलं असेल तर शपथ. कारखान्यात सगळे त्यांना टिकमास्तर म्हणायचे आणि त्यांना ते नाव आवडायचंही.

असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वतःला काय भेट देईल? ताईला वाटत होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवतील. मला वाटत होतं, काही न करता वर्षभर झोपतील. त्यांनी पेन घेतलं. शाईचं, काळं कुळकुळीत, सोन्याच्या निबेचं. किंमत मला विचारू नका. मला त्यांनी एक सांगितली, ताईला तिच्या निम्मी सांगितली, आणि खरी फक्त दुकानदाराला माहीत.

दुकानात मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे कागद आणि पेनं यातलं मला कळतं असा त्यांचा समज. तिथला विक्रेता टाय लावलेला, हातात पांढरे मोजे. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, मखमलीच्या तबकातून पेन आणलं आणि अदबीनं विचारलं, "साहेब, आपण साधारण काय लिहिता?"

भावोजी तबकातलं पेन न्याहाळत राहिले. मी छताकडे बघत बसलो. शेवटी ते म्हणाले, "सही."

विक्रेता कसलेला गडी होता, हसला नाही. म्हणाला, "मग सहीसुद्धा या पेनाला शोभेल अशी हवी, साहेब." आणि त्यानं ठरावीक पाठ म्हटला: निब हळूहळू मालकाच्या हाताला ओळखू लागते, सहा महिन्यांत ती फक्त तुमची होते, दुसऱ्या कुणाच्या हाती दिली की बिघडते. भावोजी मान डोलावत ऐकत होते. स्वतःच्या मुलीच्या शाळेतल्या बाईंचं बोलणं त्यांनी कधी एवढ्या लक्ष देऊन ऐकलं नसेल. सहीबद्दलच्या त्या एका वाक्यानं त्यांच्या डोक्यात भुंगा सोडला तो कायमचा.

त्यानंतर घरातलं सकाळचं वेळापत्रकच बदललं. चहा झाला की टेबल कोरडं पुसायचं. मग कपाटातून शाईची बाटली निघायची. ही बाटली ताईच्या औषधांच्या कप्प्यात मुक्कामाला आली होती आणि औषधं फ्रीजवर गेली होती. मग पेन उघडायचं, मागचा भाग फिरवून शाई ओढायची, निब मऊ फडक्यानं टिपायची, उजेडात धरून बघायची. हा सगळा सोहळा पाऊण तास चालायचा. मग जाड, दुधी रंगाच्या कागदाची वही उघडून टिकमास्तर लिहायचे: "हे माझे नवीन पेन आहे. ही निळी शाई आहे. निब मध्यम आहे." आणि त्याखाली पानभर सह्या.

मी त्यांच्या अशा सात वह्या पाहिल्यात. सातव्या वहीतही पेन नवीनच होतं.

त्यांना त्यांच्यासारखेच आणखी चार-पाच जणही भेटले. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे, आपापली पेनं डब्यांतून काढायचे आणि एकमेकांच्या कागदावर स्वतःचं नाव लिहून दाखवायचे. त्यात एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे चौदा पेनं. मी एकदा त्यांना सहज विचारलं, "डॉक्टर, एवढ्या पेनांनी तुम्ही लिहिता काय?" ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांचाच दात उपटायला निघालो होतो.

आता खोटं कशाला बोलू, पेन भारी होतं. एकदा मी त्यांना शंभर जाड कागद फुकट दिले तेव्हा खूश होऊन त्यांनी मला एक ओळ लिहू दिली, तीसुद्धा माझ्या मनगटावर नजर ठेवून. निब कागदाला टेकली आणि शाई आपणहून पुढे निघाली. दाबावं लागलं नाही, रेटावं लागलं नाही. माझं अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला, पण त्या ओळीत ते जरा सभ्य घरातलं वाटलं. ओली शाई वाळताना बघतच राहिलो. आणि मी काय लिहिलं? माझंच नाव. त्यामुळे मी त्यांना हसतो तेव्हा थोडं जपून हसतो.

ताई मात्र जपून वगैरे हसायची नाही. एकदा तिनं गॅस सिलिंडरवाल्यासाठी दारावर चिठ्ठी लावायची म्हणून सांगितलं, "तेवढं लिहून द्या हो, दुपारी घरी नाही म्हणून."

"या पेननं?" भावोजी म्हणाले.

"मग काय बोटानं?"

"अगं, हे पेन असल्या कामाला नसतं."

"असं? मग कुठल्या कामाला असतं तेवढं सांगा, मी ते काम काढते."

भावोजींनी घरातली सगळी बॉलपेनं एका पिशवीत भरून माझ्या दुकानात आणून टाकली होती. बॉलपेननं हात बिघडतो म्हणे. ताईनं त्यातलं एक आधीच उचलून शिवणाच्या डब्यात बटणांखाली दडवलं होतं. सिलिंडरवाल्याची चिठ्ठी त्यानंच लिहिली गेली.

या सगळ्या काळात सही मात्र घडत होती. जुनी सही म्हणजे ओळखपत्रावरच्या चौकोनात चेंगरलेला डास. ती करायची वेळही क्वचितच यायची, कारण कारखान्यात दोन अक्षरांवर भागायचं. नवी सही आधी मोठं वळण घ्यायची, मग नावाची अक्षरं एकमेकांचे हात धरून उतरायची, शेवटच्या अक्षराचा शेपटा मागे फिरून सगळ्या नावाखालून रेघ ओढत यायचा आणि रेघेखाली दोन टिंबं. टिंबं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तोल." मी म्हटलं, "वा भावोजी, राज्यकारभार करायला हरकत नाही." त्यांना ते खरं वाटलं. दोन वर्षांत त्यांनी ती सही इतक्या वेळा केली की डोळे मिटून करायचे.

मग भाची आली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, तिथंच तिनं जोडीदार शोधला. दोघांनाही परदेशात काम मिळालं होतं आणि जाण्याआधी नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं होतं. तिला जेवणावळ नको, मांडव नको, दागिने नकोत. जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवीय. साक्षीदार म्हणून तुमची सही."

"आई करेल की," भावोजी सवयीनं म्हणाले.

"आईच करत आलीय. शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आईचीच सही. तुमच्यापुढे धरलं की तुम्ही म्हणायचात, दिवसभर सह्याच करतो, घरी तरी नको." ती हसत बोलत होती, पण घास हातातच राहिला होता. "आता तर तुम्ही सह्याच करता म्हणे. मग एक मला."

भावोजींचा चेहरा असा फुलला की मला त्यांचा रागही येईना. पेनाला शेवटी काम मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात हजर. "तिथं काय काय नियम असतात?"

मी नियम सांगितले. दोन्ही बाजूंचे मिळून तीन साक्षीदार, मूळ ओळखपत्र बरोबर, सही काळ्या रंगात. तेवढ्यावर ते काळी शाई आणायला पळाले. एक नियम मी सांगितला नाही. सही ओळखपत्राशी जुळावी लागते, हे कोर्टासमोर बसणाऱ्या माणसाला माहीत नसेल का? माहीत होतं. पण मी मनात म्हटलं, जाऊ दे, तिथली कारकूनबाई हटकेल, भावोजी तोंड वाकडं करून जुनी सही करतील आणि मला वर्षभर पुरेल एवढी गंमत मिळेल. माझ्या डोक्यात याच्यापलीकडे काही आलं नाही.

नोंदणी कार्यालयात लांबलचक खोली, भिंतीला बाकं, समोर चार खिडक्या. आमच्या खिडकीवरचा पंखा टक-टक करत होता. भावोजींनी वर बघितलं आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय. मी पास केला नसता." ते मजेत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि पेनाची निब वाळू नये म्हणून रिक्षातही खिशावर हात. आमच्या मागं दहा-बारा माणसं होती. दोघांचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

नवऱ्या मुलाच्या बाजूनं त्याच्या दोन मित्रांनी सह्या केल्या, खिडकीला दोऱ्यानं बांधलेल्या बॉलपेननं. एकेकाला तीन सेकंद लागले. मग भावोजी पुढे झाले. कारकूनबाईंनी दोऱ्याचं पेन सरकवलं, ते त्यांनी दोन बोटांनी बाजूला केलं. स्वतःचं पेन काढलं, टोपण फिरवून उघडलं, नोंदवहीचा कोपरा सरळ केला. मागची माणसं पुढे वाकून बघायला लागली. मोठं वळण, अक्षरं, मागे फिरलेली रेघ, आणि एक टिंब, आणि दुसरं. मी आजवर पाहिलेली ती त्यांची सगळ्यात देखणी सही होती. भाचीनं डोळे पुसले. कारकूनबाईसुद्धा म्हणाल्या, "छान आहे हो अक्षर."

मग त्यांनी ओळखपत्र हातात घेतलं. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"ही सही जुळत नाही."

"ती जुनी आहे," भावोजी म्हणाले.

"मग जुनीच करा. कार्डावर आहे तशी." त्यांनी एक कोरा कागद पुढे टाकला. "आधी इथं करून दाखवा."

भावोजींनी पेन टेकवलं. हात सरळ मोठ्या वळणावर गेला. त्यांनी थांबवला. पुन्हा सुरू केलं, तर अर्धं नाव जुनं आणि अर्धं नवं. तिसऱ्यांदा काहीतरी वाकडं झालं आणि शेपटा आपोआप मागे फिरला. निब मालकाच्या हाताला ओळखते म्हणतात, ती चांगलीच ओळखत होती. कपाळावर घाम आला. त्यांनी कार्ड ओढून समोर ठेवलं.

"बघून काढायची नाही, काका," बाई म्हणाल्या. "बघून काढलेली सही मी कशी घेऊ? तुम्ही तुम्हीच आहात हे मला दिसायला नको?"

"मी हिचा बाप आहे."

"असाल हो. सही जुळत नाही."

भाची पुढे आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, आठवा ना. घाई नाही." मागून कुणीतरी खाकरलं. घाई होती. मग भावोजींनी आपलं पेन बंद केलं, खिशाला लावलं, आणि दोऱ्याचं बॉलपेन उचललं. दोन वर्षांत पहिल्यांदा. दोरा आखूड होता म्हणून ओणवे होऊन त्यांनी सही केली. ती जुनी नव्हती, नवीही नव्हती. कुणाचीच नव्हती. आणखी दोनदा केली. मला गंमत हवी होती ना, ती अशी माझ्यासमोर ओणवी होऊन उभी होती, आणि मला बघवेना.

"साक्षीदार बदला," कारकूनबाई शेवटी म्हणाल्या. आवाज मऊ होता. "नाहीतर तीन आठवड्यांनंतरची तारीख देते."

तीन आठवडे कुणाकडेच नव्हते. बाईंनी पट्टी घेतली आणि नोंदवहीतल्या त्या देखण्या सहीवर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे अशी फुली मारली, शेजारी 'रद्द' लिहून स्वतःची दोन अक्षरं खरडली. बत्तीस वर्षं बरोबरची खूण करत आलेला माणूस ती फुली बघत होता. मग बाईंनी विचारलं, "कोण करतंय?"

ताई पुढे झाली. पर्समधून ओळखपत्र काढलं, आणि शिवणाच्या डब्यातलं ते बॉलपेनही. चष्मा वर सरकवून तिनं सही केली, शाळकरी अक्षरात, पूर्ण नाव, पहिल्यापासून होती तशी. कारकूनबाईंनी जुळवून बघितली, शिक्का मारला आणि पुढच्यांना बोलावलं.

बाहेर आल्यावर भाची भावोजींना म्हणाली, "असू दे, बाबा." तेवढंच. ती चिडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. पण 'असू दे' म्हणायची तिला चांगली सवय होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पुढचे काही दिवस पेन कपाटातून बाहेर आलं नाही. मग एका सकाळी भावोजी दुकानात आले आणि नवी सही नोंदवायचा अर्ज मागितला. मी अर्ज दिला. चेष्टा केली नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: जुनी सही असलेले दोन कागद जोडावेत. ते म्हणाले, "चल घरी, शोधू."

सोपं वाटलं होतं. पण कारखान्याच्या कागदांवर सगळीकडे ती दोन अक्षरं. बाकीची घरची कागदपत्रं ताईनं केलेली. एक ड्रॉवर झाला, दोन झाले. शेवटी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक कापडी पिशवी निघाली. त्यात भाचीची प्रगतिपुस्तकं, पहिलीपासून दहावीपर्यंत, दोरीनं बांधलेली.

"यात असेल एखादी," भावोजी म्हणाले, आणि टेबलाशी बसून एकेक उघडायला लागले. प्रत्येक पुस्तकात चार परीक्षा, चार चौकोन, वर छापलेलं: पालकांची सही. पहिली, ताई. दुसरी, ताई. तिसरी, ताई. ते मन लावून तपासत होते, कारखान्यात पंखे तपासायचे तसे, एकही चौकोन न गाळता. सहावीच्या पुस्तकावर थांबले. दुसऱ्या परीक्षेचा चौकोन कोरा होता. त्याच्या शेजारी शाळेतल्या बाईंनी लाल पेननं लिहिलं होतं, 'सही नाही'.

"ही राहिलीय," ते म्हणाले.

ताई दारात हात पुसत उभी होती. "राहिली नाही. मी तेव्हा ऑपरेशनला गेले होते, दहा दिवस. पोरीनं तुमच्यापुढे धरलं होतं. तुम्ही म्हणालात, आई आली की करेल. बाईंनी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तिनं मलाही नाही सांगितलं. बाईंनी सांगितलं, पुढच्या वर्षी."

भावोजी उठले. कपाटातून पेन काढलं, टेबल हातानंच पुसलं, टोपण फिरवून उघडलं. सहावीचं पुस्तक सरळ करून समोर घेतलं. निब चौकोनावर बोटभर वर धरून त्यांनी ताईकडे बघितलं. "करू का?"

"आता कशाला?" ताई म्हणाली. "ती पास झाली."

आणि ती आत निघून गेली. मी प्रगतिपुस्तकांची दोरी गुंडाळत राहिलो. भावोजी पुस्तकाकडे बघत बसले होते, हातात पेन तसंच उघडं. निब वाळते म्हणून एरवी जिवाचं रान करणारा माणूस, पण टोपण लावायचं त्यांना सुचलं नाही.